पुसाटी बुरूज राहू दे

रविवार, १२ जानेवारी. ठिकाण पन्हाळा. हजर: अक्का, अण्णा, त्यांची मुलगी उमा, उमाची मुलगी ईरा, माझे यजमान शिवानंद आणि मी. गाडी सात माणसांची, शेजाऱ्यांकडून मागून आणलेली. सातव्या जागेवर अक्कांची पिशवी.

हजेरी आधी लिहिली, कारण त्या दिवशी ती पूर्ण होती हेच विशेष. अण्णा, म्हणजे माझे थोरले दीर, दुकान बंद ठेवून फिरायला कधीच गेले नव्हते. त्या रविवारी अक्का म्हणाल्या, "तुमी बी चला," आणि त्यांनी कुलूप लावलं. तेव्हाच काहीतरी ओळखायला हवं होतं. पण मी डबे मोजत होते.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडचं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. आईशी कानडी बोलायच्या, बाकी जगाशी मराठी, आणि दोन्ही भाषा सारख्याच मोठ्या आवाजात. गंगावेशीत अण्णांचं दोरखंडाचं दुकान आहे. पूर्वी तिथे बैलांची दावी, कासरे, वेसणी, घुंगरमाळा विकल्या जात. आता नायलॉनचा दोर आणि ताडपत्री जास्त खपते. घर दुकानाच्या वर; आम्ही दोघं नंतर वेगळे राहायला गेलो. दुकानात आलेलं गिऱ्हाईक लांबच्या गावचं निघालं की अक्का त्याला वर जेवायला बोलवायच्या. "पावणं, कुटलं म्हनायचं?" या एका प्रश्नावर त्यांनी किती माणसं जोडली, याचा हिशेब मलासुद्धा ठेवता आला नाही.

मी श्रीरामपूरची. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी जिन्यातून दणदणीत आवाज आला, "थांब, मी आलो!" घरातले कुणीतरी वडीलधारे येत आहेत असं समजून मी पदर सावरून कोपऱ्यात उभी राहिले. वर आल्या त्या अक्का, काखेत कोथिंबिरीची जुडी घेऊन. इकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अक्कांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि पुढची किती तरी वर्षं ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगितली. "ही सुनंदा. मला बघून पदर घेतल्यान् हिनं!"

'आलो' त्यांना चालायचं, 'जातो' अजिबात चालायचं नाही. निघताना कुणी चुकून "जातो" म्हणालं की त्या त्याला उंबऱ्यावरून परत आणत, खाली बसवत, हातावर चिमूटभर साखर ठेवत आणि 'येतो' म्हणायला लावूनच सोडत. कानडीत निघताना 'होगि बर्तीनि' म्हणतात, म्हणजे जाऊन येतो. त्यांच्या आईने ते त्यांना शिकवलं होतं आणि त्यात सूट नव्हती. दुधवाला, मीटरचं रीडिंग घेणारा माणूस, अण्णांना नोटीस द्यायला आलेला महापालिकेचा शिपाई, सगळ्यांनी गंगावेशीत साखर खाल्ली आहे. शिपाई म्हणाला होता, "काकू, मी परत येऊ नये असंच तुम्हाला वाटलं पाहिजे." अक्का म्हणाल्या, "नोटीस तिकडंच ठेवून या की. तुमी या."

पाहुण्यांना गाव दाखवणं हा त्यांच्या जगण्याचा मोठा भाग होता. रंकाळा, देवीचं देऊळ, चपलांची गल्ली, हे सगळं ओघाने येई. पण खरं फिरणं पन्हाळ्याचं. कोल्हापूर सोडून गाडी वाघबीळच्या चढाला लागली की त्या पुढच्या सीटला धरून अर्ध्या उभ्या राहत. एकदा वर पोचल्या की मात्र गडाकडे पाठ करून बसत. पाहुणे दरीकडे बघत आणि अक्का पाहुण्यांकडे. मी एकदा विचारलं, तुम्ही का नाही बघत? "गड कुटं जातोय? माणसाचं तोंड बघावं. पयल्यांदा दरी बघिटली की कसं लहान पोरागत हुतंय!"

आणि प्रत्येक फेरीत त्या एक जागा ठेवायच्या.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या वडिलांच्या वेळी. वडील एका साखर कारखान्यात टाइमकीपर होते. याद्या करायची सवय मला त्यांच्याकडूनच आली. लग्नानंतर ते आणि आई पहिल्यांदा आम्हाला भेटायला आले. लेकीच्या सासरी फार राहू नये, तिथे वरचेवर जाऊ नये, अशा मताचे ते होते. एकदाच यायचं, सगळं बघायचं आणि निघायचं, असा बेत त्यांनी कागदावर आखून आणला होता. अक्कांनी त्यांना दिवसभर गड फिरवला. सज्जा कोठी तेवढी राहिली. दिवस मावळायला वेळ होता, कोठी हाकेच्या अंतरावर होती, आणि अक्का एसटीच्या थांब्याकडे चालायला लागल्या.

"अहो, ती कोठी राहिली," वडील म्हणाले.

"ऱ्हाऊ दे."

"एवढे इथवर आलोय तर..."

"म्हनूनच ऱ्हाऊ दे. आज सगळं बघिटलासा तर परत लेकीकडं कशाला येनार तुमी?"

वडील रागावले. एसटीत ते अक्कांशी बोलले नाहीत, रात्री आईजवळ म्हणाले, कसल्या माणसांत मुलगी दिली. पण अर्धवट राहिलेलं काम त्यांना झोप लागू देत नसे. पुढच्या थंडीत त्यांचं पत्र आलं, सज्जा कोठी बघायला येत आहे. ते आले. अक्कांनी कोठी दाखवली आणि अंधारबाव, म्हणजे गडावरची जुनी विहीर, पुढच्या खेपेला ठेवली. त्यानंतर ते येत राहिले. शेवटी शेवटी तर गडावर जायचंसुद्धा नाव नसे, दुकानात अण्णांच्या शेजारी बसून ते दोराची वेटोळी घालत आणि अक्का वरून ओरडत, "श्रीरामपूरचं पावणं, चा ठेवलाय!" लेकीच्या घरी पाणीसुद्धा जपून पिणारा माणूस होता तो.

लातूरकडच्या एका कुटुंबाचीही अशीच गोष्ट. पन्हाळ्याच्या एसटीत भेटलेले नवरा-बायको आणि दोन मुली. अक्कांनी त्यांना गड फिरवला, संध्याकाळी घरी आणून तांबडा-पांढरा रस्सा नव्हे, आमच्या घरात शाकाहार, तर वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी वाढली, आणि निघताना बजावलं, "तुमचा तीन दरवाजा ऱ्हायलाय बरं का." बऱ्याच वर्षांनी एका दुपारी दुकानासमोर नवऱ्यासह एक तरुण बाई उभी राहिली, त्या दोन मुलींपैकी एक. म्हणाली, "आमचा तीन दरवाजा राहिलाय." अण्णांना वाटलं हा ताडपत्रीचा काही प्रकार असावा. त्यांनी माप विचारलं. वरून अक्का जिना उतरत ओरडल्या, "अवो, लातूरचं पावणं हायत ती!"

माझं आणि त्यांचं या बाबतीत कधी पटलं नाही. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक. दिवस संपायच्या आत मेळ लागला पाहिजे. सहलीलाही मी यादी करायची आणि एकेक जागा झाली की पुढे खूण करायची. अक्का मला 'यादीबाई' म्हणायच्या. "ही काय यष्टीचं टाइमटेबल घिऊन आल्या का काय?" त्यांच्या पिशवीत यादी नसायची. मिठाची पुडी, लिंबं, पेरू कापायची बोथट सुरी, शेंगदाण्याची चटणी, बसायला घडी केलेलं स्वच्छ पोतं आणि साखरेची डबी. ही पिशवी जिन्याच्या दाराला कायम भरून टांगलेली असे. तयारी मला लागायची. त्या तयारच असत.

गेल्याच्या आदल्या दिवाळीत त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी उमाला आणि मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं: ऑपरेशन केलं तर त्या बऱ्या होतील अशी चांगली आशा आहे, नाही केलं तर फार दिवस धरून चालू नका.

अक्का नाही म्हणाल्या.

"छाती उसवायची आन् परत शिवायची? मी काय ताडपत्री हाय?"

उमा पुण्याहून आली. रडली, भांडली, ईराची शपथ घालून बघितली. शिवानंद बोलले, मी बोलले. मी तर कागदावर दोन रकाने करून नेले होते, केलं तर काय आणि नाही केलं तर काय. त्यांनी तो कागद वाचला आणि परत दिला. "अक्षर चांगलं हाय तुजं." अण्णा एवढंच म्हणाले, "बघ बाई, तुला काय वाटतंय ते," आणि खाली जाऊन दोराचं एकच वेटोळं सोडत आणि बांधत बसले.

मग एका सकाळी अक्कांनीच बेत काढला. संक्रांतीच्या आधी सगळे मिळून गड फिरू या. आम्हाला बरं वाटलं. माणूस फिरायला जाऊ म्हणतो म्हणजे त्याची उमेद आहे, असा आम्ही अर्थ लावला. मी यादी केली: सोमेश्वर तलाव, सज्जा कोठी, अंबरखाना, जेवण, अंधारबाव, तीन दरवाजा, पुसाटी बुरूज. चालणं कमी पडेल असा क्रम लावला. अक्कांनी यादी वाचून घेतली आणि मान हलवली. एकही टोमणा मारला नाही.

त्या दिवशी सगळं सुरळीत झालं. गाडी अगदी जवळ उभी करता येत होती, हवा स्वच्छ होती, दरीत खाली उसाचे तुकडे हिरवेगार दिसत होते. माझ्या खुणा भराभर पडत होत्या. अण्णा नव्या पाहुण्यासारखे सगळीकडे बघत होते. इतकी वर्षं गंगावेशीत राहून त्यांनी सज्जा कोठी पाहिली नव्हती. "हितनं आपलं दुकान दिसंल व्हय?" त्यांनी विचारलं आणि ईरा पोट धरून हसली. मला एकच गोष्ट खटकली. अक्का दरीकडे तोंड करून उभ्या होत्या. आमच्याकडे बघत नव्हत्या. भिंतीच्या दगडावर हात ठेवून त्या बराच वेळ खालचा मुलूख बघत राहिल्या.

जेवायला आम्ही एका झोपडीवजा हॉटेलात बसलो. झुणका, भाकरी, खरडा, मडक्यातलं दही. ईराने तोंड भरलेलं असतानाच विचारलं, "आज्जी, आज कुठली जागा ठेवायची?"

"आज काय ठेवायची न्हाय. आज समदं दावायचं तुला."

"पण तू नेहमी ठेवतेस."

"ठेवत हुतो. आता न्हाय. जेव."

उमाचा हात भाकरीवरच थांबला. ती उठून हात धुवायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही. अक्का ईराच्या ताटात दही वाढत होत्या. माझ्या पर्समध्ये यादी होती, अर्ध्याहून जास्त खुणा झालेली. आजवर अक्कांबरोबरची एकही यादी पुरी झाली नव्हती, आणि ही पुरी होणार म्हणून मी सकाळपासून खूश होते.

बाहेर पिंपापाशी अण्णा हात धूत होते. आमच्याकडे थोरले दीर आणि भावजय यांच्यात कामापुरतंच बोलणं असतं. अण्णांनी मान वर न करता मला हाक मारली.

"सुनंदा."

"काय अण्णा?"

"तुजी यादी आज संपवू नगंस."

तेवढंच बोलून पंच्याला हात पुसत ते गाडीकडे गेले.

अंधारबाव झाली. तीन दरवाजा झाला. तिथल्या नक्षीवर अक्कांनी बोटं फिरवली. आता पुसाटी बुरूज, गडाचं पश्चिमेचं टोक, तेवढं राहिलं होतं. गाडीत बसताना त्यांना धाप लागली होती, पण चेहरा कामं उरकत आलेल्या बाईचा होता. शिवानंदांनी गाडी बुरुजाच्या रस्त्याला घेतली.

"गाडी घराकडे वळवा," मी म्हणाले.

"का गं?" अक्का म्हणाल्या. "अजून ऊन हाय की."

"असू दे. पुसाटी बुरूज राहू दे."

"ऱ्हाऊ दे म्हंजे?"

"म्हणजे पुढच्या वेळेला."

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. ईरा काही म्हणणार होती, उमाने तिला जवळ ओढलं.

"यादीबाई," अक्का सावकाश म्हणाल्या, "तुजी यादी कवापासनं अर्धी ऱ्हायला लागली?"

"तुमच्या घरात आल्यापासून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाहुण्यांच्या तोंडाकडे बघायच्या तसंच, निरखून. मग म्हणाल्या, "माझंच दावं माझ्याच गळ्यात बांधतीस व्हय गं?"

पुढच्या सीटवरून, मागे वळून न बघता, अण्णा म्हणाले, "गाठ चांगली मारल्या तिनं."

शिवानंदांनी गाडी वळवली. उतारभर अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. वाघबीळ मागे पडलं तेव्हा त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "उमे, त्या डाक्टरनं कवा याय सांगितलंय?"

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. थिएटरच्या दाराशी ट्रॉली थांबली तेव्हा त्यांनी मला डबीतली साखर सगळ्यांना वाटायला लावली, ट्रॉली ढकलणाऱ्या माणसालासुद्धा, आणि आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "येतो!" नर्सने दटावलं. पण त्या आल्या. दोन महिन्यांत जिना चढायला लागल्या, उन्हाळ्यात चटणी कांडून घेतली, गिऱ्हाइकांना पुन्हा वर बोलवू लागल्या. डॉक्टरांनी गडाला परवानगी दिली तोवर पाऊस लागला होता. गडावर धुकं, पुढचं माणूस दिसत नाही. अक्का म्हणाल्या, दसरा होऊ दे.

सप्टेंबरातल्या एका सकाळी कामावर जाताना मी दुकानाशी स्कूटर थांबवली. अण्णांची गोळ्यांची पट्टी द्यायची होती. अक्का दोराच्या मोठ्या वेटोळ्यावर बसून एका शेतकऱ्याला दावं निवडून देत होत्या. मला बघून ओरडल्या, "यादीबाई, दसऱ्यानंतर पुसाटी! ईराला बी बोलवायचं. लिवून ठेव."

"ठेवते. उशीर झालाय, जाते मी."

"काय म्हनालीस?"

मी स्कूटर सुरू केली होती. थांब्यावरची कंपनीची बस चुकणार होती. अक्कांनी नुसता हात वर करून बोलावलं. मी उतरले. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, डबी उघडली, हातावर साखर ठेवली. तो शेतकरी दावं हातात धरून हसत बघत होता.

"येते," मी म्हणाले.

"हां. आता जा."

वळणावरून मी आरशात पाहिलं तेव्हा त्या डबीचं झाकण लावून पुन्हा दोराकडे वळल्या होत्या. त्याच दुपारी, जेवण झाल्यावर, दुकानातच बसल्या जागी त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, कुणाला काही करता आलं नसतं, त्यांना स्वतःलाही फारसं कळलं नसेल.

आता अण्णा दर शनिवारी संध्याकाळी मला विचारतात, "उद्या जायाचं न्हवं पुसाटीला?" मी हो म्हणते. रविवारी सकाळी शिवानंद आणि मी आमची छोटी गाडी घेऊन गंगावेशीत जातो तर अण्णा दुकानाच्या फळ्या काढून बसलेले असतात. "आज ऱ्हाऊ दे," ते म्हणतात. "लांबचं कोन तरी येईल." पहिल्यांदा मी तारीख बदलून ठेवली, दुसऱ्यांदाही. आता नुसतं बरं म्हणते, चहा घेते आणि निघताना येते म्हणून सांगते.

परवा ईराचा फोन आला, सुट्टी कधी लागते ते सांगायला. पिशवी दाराला टांगलेली आहे. लिंबं मी बदलत असते, डबीत साखर भरलेली आहे. पुसाटी बुरूज अजून राहिलेला आहे.